पालथ्या कुपीची कैफियत

मी लशीची एक कुपी बोलते आहे, आणि हे बोलणे मी डोक्यावर उभी राहून करीत आहे. माझे बूच खाली आहे, बूड वर आहे, आणि माझ्या पोटातले चमचाभर द्रावण त्या बुचावर टेकून बसले आहे. कोणी मला चुकून असे ठेवलेले नाही. मला पालथे ठेवावे, हे एका संशोधक मुलीने पूर्ण विचारांती ठरवले होते, आणि माझ्या जन्माचे प्रयोजनही तेवढेच होते. हे आरंभीच स्पष्ट करते. कारण माझ्या वाट्याला आलेला सगळा मनस्ताप हे एक साधे वाक्य माणसांच्या लक्षात न राहिल्यामुळे आलेला आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. मी कधीही कोणाला टोचली जाणार नाही. लशीच्या कुपीला दंडाची ओढ असते. एखाद्या रडणाऱ्या बाळाच्या मांडीत उतरावे, त्याच्या आईने "झालं, झालं हं" म्हणावे आणि आपण रिकामे होऊन कचऱ्यात जावे, यापरते सार्थक आमच्या जातीला ठाऊक नाही. ते माझ्या नशिबी नाही. मी कधी आणि कशी बिघडते, एवढेच पाहण्यासाठी मला बनवले. माझ्या बिघडण्यावरून माझ्या बहिणींची मुदत ठरायची होती. हे काम हलके आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्या कामासाठी जन्माला घातले, ते तरी मला धडपणे करू द्यावे, एवढी माझी माफक मागणी होती. तीही पुरी झाली नाही.

माझ्या काचेची कथा लहान आहे. एका लांब नळीचे तुकडे झाले, ज्योतीवर मान आणि बूड घडले, मग धुणे झाले, मग भट्टीतली धग. पोटातल्या द्रावणाची कथा मात्र लांब आहे, आणि ती ऐकल्याशिवाय माझा त्रागा तुम्हाला कळणार नाही.

दर उन्हाळ्यात एक ताप येतो. तो लहान मुलांना धरतो आणि त्यांतल्या काहींच्या मेंदूपर्यंत पोचतो. ज्या विभागात माझा जन्म झाला त्याच्या प्रमुख बाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, पूर्वी बालरोगतज्ज्ञ होत्या. त्या तापाच्या वॉर्डात त्यांनी बरेच उन्हाळे काढले आणि एके दिवशी दवाखाना सोडून त्या लशीच्या कामाला आल्या. "मी नेहमी उशिराच पोचायचे," एवढेच त्या याबद्दल बोलतात. कोणी पुढे विचारलेच, तर त्या घड्याळाकडे पाहतात.

त्या तापाच्या विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असते. शरीराने त्याला एकदा नीट ओळखून ठेवले, की पुढे खरा विषाणू आला तरी फसगत होत नाही. पण ओळख पटायची तर प्रथिनाची घडी अस्सल विषाणूवर असते तशीच हवी. इस्त्री बिघडलेला सदरा जसा अंगावर बसत नाही, तसे घडी विसकटलेले प्रथिन शरीराच्या ओळखीत बसत नाही. म्हणून या प्रथिनाची कृती जिवंत पेशींना शिकवायची, त्या पेशींना ऊब, खाद्य आणि हवा द्यायची, आणि त्यांनी बनवलेले प्रथिन गाळून, निवडून, धुऊन वेगळे काढायचे. सांगायला हे एका वाक्याचे काम आहे. करायला त्यात माणसांचे केस पिकले.

पहिल्या प्रयत्नात प्रथिन भरपूर झाले, पण त्याची घडी चुकली. दुसऱ्यात घडी साधली, तर पेशीच तग धरीनात. पुढे काचेच्या चंबूत गुणी बाळांसारख्या वाढणाऱ्या पेशी मोठ्या पोलादी पात्रात गेल्या आणि रुसल्या. त्या पात्राला सगळे हंडा म्हणत. हंड्यातले पाते जोरात फिरवले तर पेशी फाटत; हळू फिरवले तर खालच्या पेशींचा जीव गुदमरे. हा रुसवा काढेपर्यंत आणखी एक उन्हाळा येऊन गेला. मग उंदीर झाले, ससे झाले, त्यांच्या रक्तात हवी ती ओळख उमटली का ते तपासून झाले. शेवटी ते प्रथिन तुरटीच्या नात्यातल्या एका क्षाराच्या बारीक कणांवर बसवण्यात आले. त्या कणांमुळे शरीर लशीची अधिक गांभीर्याने दखल घेते. कण मात्र जड असतात. द्रावण हलवले नाही, तर ते संथपणे खाली जाऊन बसतात.

या कणांची सारी उस्तवार जिच्याकडे होती, तिला अख्खी इमारत ताई म्हणते. वयाने ती बहुतेकांपेक्षा धाकटी आहे. शीतकक्ष सांभाळणाऱ्या काकांनी तिला पहिल्या दिवशी ताई म्हटले आणि तेच रूढ झाले. ताईचा स्वभाव सांगायचा तर, ती कुलूप लावून पुढे गेल्यावर परत येऊन ते ओढून पाहणाऱ्यांतली. मला तिचा राग कधीच आला नाही. इतरांना येई.

ज्या दिवशी आम्ही भरल्या गेलो, त्या दिवशी आमच्या माना एका रांगेत होत्या. द्रावण पडले, रबरी बूच बसले, वर ॲल्युमिनियमची टोपी आवळली गेली. माझ्या पुढच्या बहिणी माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी बाजूला निघाल्या. रांग माझ्याशी येऊन तुटली आणि आम्ही मागच्या सगळ्या टिकाऊपणाच्या तपासणीकडे वळवल्या गेलो. तिथे आमच्यातल्या निम्म्या उभ्या ठेवल्या, निम्म्या पालथ्या. मी पालथ्यांच्या ट्रेमध्ये गेले. एकाच घरातल्या मुलींत असा दुजाभाव झाला की काय वाटते, ते मी सांगत बसत नाही.

शीतकक्ष म्हणजे खोलीएवढा फ्रिजच. आत जाताना घालायचे एक जाडजूड जॅकेट दाराशी टांगलेले असते. त्याची चेन अर्ध्यावर येऊन अडते. आम्हाला उजेड लागू नये म्हणून ट्रेवर पुठ्ठ्याचे झाकण असे. ट्रेच्या कडेला ताईने एक सांकेतिक अक्षर लिहिले होते, ते तिला आणि काकांनाच कळे. पहिल्या दिवशी ट्रे लावताना काकांनी आमच्याकडे पाहून विचारले,

"ताई, ह्या अर्ध्या व्हायली शीर्षासनात का?"

"काका, उद्या खोका गाडीतून गावोगाव जाईल. तो उभाच राहील याची खात्री देता येते का? आडवा पडेल, पालथा पडेल. मग लस बुचाला लागून राहणार. बूच तिला काही करतं का, ते बघायचंय."

"बूच काय करणार बिचारं?"

"तेच माहीत नाही ना. म्हणून तर पालथ्या."

काकांनी आमचा ट्रे फळीवर सरकवला. मग म्हणाले, "म्हणजे ह्यांनी डोक्यावर उभं राहायचं, आणि बाळांनी सुखात झोपायचं."

माझ्या कामाचे इतके नेमके वर्णन त्यानंतर कोणी केले नाही. ते वाक्य मी मनात धरून ठेवले आणि मान मोडेपर्यंत पालथे राहायचे ठरवले.

आता माझ्या बुचाविषयी. यंत्रात बुचे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना सिलिकॉनच्या तेलाचा हात लावलेला असतो. उभ्या कुपीला त्याचे सोयरसुतक नसते. मी पालथी, माझे जड कण संथपणे उतरून नेमके त्या तेलावर जाऊन बसले आणि हळूहळू त्यांनी गुठळी धरली. गुठळीत सापडलेल्या प्रथिनाची घडी विसकटू लागली. सर्वच पालथ्या कुप्यांत हे असेच घडत होते, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी फक्त माझ्या पोटातले सांगते. बाहेरून काही दिसत नव्हते. लस दुधट असते आणि दुधट द्रावणात बारीक गुठळी सहज लपते.

पहिल्या तपासणीला ताई काही उभ्या आणि काही पालथ्या बहिणींना घेऊन गेली. तपासलेली कुपी परत येत नाही. तिची टोपी उघडली की तिचा प्रवास संपतो. पण त्या सार्थकी लागल्या. पालथ्यांमधला जोम थोडा घटला होता. उभ्या जशाच्या तशा होत्या. ताई त्याच दिवशी मॅडमना घेऊन शीतकक्षात आली. जॅकेट मॅडमनी घातले. ताई कुडकुडत बोलत होती.

मॅडमचे म्हणणे असे, की एवढा फरक चाचणीतच असतो. सकाळी एक आकडा येतो, दुपारी दुसरा. ताईचे म्हणणे असे, की तसे असते तर तो उभ्यांतही दिसला असता.

"एका तपासणीवर मी बूच बदलू?" मॅडम म्हणाल्या. "बूच बदललं की भरण्यापासून सगळं पुन्हा. उन्हाळ्याआधी मुलांच्या चाचण्या सुरू होणार नाहीत. कळतंय ना तुला?"

"कळतंय मॅडम. म्हणून मी फक्त पुढच्या तपासणीपर्यंत थांबू या म्हणते. अजून घसरण दिसली तर बूच बदलायचं. नाही दिसली तर मी सही करते, की पालथं ठेवल्याने काही होत नाही."

मॅडमनी मान डोलावली. असा करार झाला. माझ्या साऱ्या आयुष्याला त्या क्षणी धार आली. उगीच बिघडत राहायचे नव्हते आता. पुढच्या तपासणीपर्यंत पालथे राहून खरे काय ते दाखवायचे होते. लस चांगली आणि बूच वाईट, हे वेळेत कळले नाही तर पुढे कुठल्या तरी गावात खोका आडवा पडणार होता, आणि तिथल्या बाळाला लस टोचूनही ताप येणार होता. त्याची आई मग आयुष्यभर कोणत्याच लशीवर विश्वास ठेवणार नव्हती. हे सगळे रोखणे एका पालथ्या कुपीला शक्य होते. अट एकच: कोणी हात लावायचा नाही.

आता साहेबांविषयी. साहेब म्हणजे संस्थेचे प्रमुख. मोठे शास्त्रज्ञ, त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक आज स्वतः प्रमुख झाले आहेत. मनाने निर्मळ. एकच खोड. जे वाकडे दिसेल ते सरळ करायचे. मार्गिकेतून जाताना ते भिंतीवरच्या चौकटी नीट करीत. बैठकीत दुसऱ्याची पेन्सिल टेबलाच्या कडेला समांतर ठेवीत. एकदा म्हणे बोलता बोलता त्यांनी समोरच्या माणसाची कॉलर सरळ केली आणि तो माणूस पाहुणा होता. काका म्हणायचे, "साहेब येणार म्हटलं की माझ्या मिशासुद्धा दोन्हीकडून सारख्या होतात." या खोडीवर सगळे हसत. मीही हसत असे.

एके दिवशी साहेब पाहुण्यांना संस्था दाखवायला घेऊन आले. ताई त्या काळात पलीकडच्या इमारतीत प्राण्यांच्या चाचणीत अडकली होती, काका दारातच जॅकेट कोणाला द्यावे या पेचात उभे होते. पाहुण्यांनी दोन पावले आत टाकली, वाफाळत्या तोंडाने "वा, वा" केले आणि ते बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग काकाही गेले. साहेबांना थंडी बाधत नाही. त्यांचे बोलणे चालूच होते. बाहेर उभ्या पाहुण्यांना ऐकू जावे म्हणून ते आवाज चढवून सांगत होते, की संशोधनात शिस्त हीच मुख्य. शिस्त असली की निम्मे संशोधन झालेच. बोलता बोलता त्यांनी आमचे झाकण उचलले. आम्ही पालथ्या दिसलो. त्यांच्या कपाळावर आठी पडली, आणि त्यांचे हात आपल्या मनाने कामाला लागले.

एकेक करून त्यांनी आम्हाला सरळ केले. माझी पाळी आली तेव्हा मी ओरडले. कुपीचे ओरडणे म्हणजे काचेला काच लागून होणारी किणकिण. साहेबांना ती मंजुळ वाटली असावी, कारण ते हसले. तुम्ही म्हणाल, सरळ झाल्यावर बरे वाटले असेल. खोटे कशाला बोलू? बरे वाटले. कण बुचावरून सुटून तळाशी आले. गुठळीत अडकले होते ते तसेच राहिले, पण नवे अडकेनासे झाले. आणि हाच खरा घात होता. ज्याला आजारी पडूनच पुरावा द्यायचा आहे, त्याला मध्येच आराम देणे म्हणजे त्याचे तोंड दाबणे आहे. साहेबांनी झाकण काळजीपूर्वक लावले, ट्रे फळीच्या कडेला समांतर केला आणि ते पुढच्या दालनाकडे गेले. आपण काही केले, हे त्यांच्या लक्षातही उरले नसणार. श्वास घेतलेला कोणाच्या लक्षात राहतो?

त्यानंतर आम्ही कितीतरी आठवडे उभ्या होतो. भिंतीवरचा काटा तापमान अचूक दाखवीत होता, पंखा घुमत होता. शीतकक्षाची दर तासाची नोंद होते; शीतकक्षात कोणी काय सरळ केले, याची होत नाही.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी काकांनी तयारीसाठी झाकण काढले आणि ते जागच्या जागी थिजले. मागच्या वेळी ताईने नमुने काढून घेतल्यावर ट्रे परत फळीवर ठेवला होता तो काकांनीच. म्हणजे आपणच त्या वेळी बेसावधपणे आम्हाला सरळ ठेवले, अशी त्यांची समजूत झाली. त्यांच्या जागी मीही तेच समजले असते. पूर्वी एका फ्रिजचे दार किंचित उघडे राहिले, तेव्हा त्यांच्या जोडीदाराची अशी चौकशी झाली होती, की तो माणूस स्वतःहून निघून गेला. काकांनी दाराकडे पाहिले, ओठ मिटले, आणि भराभर आम्हा सगळ्यांना पुन्हा पालथे केले.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. घसरण पुढे सरकलीच नव्हती. ती कशी सरकणार? बिघडायचे आठवडे आम्ही उभ्या राहून आरामात काढले होते.

"पाहिलंस?" मॅडम शीतकक्षात येऊन ताईला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, सुटल्याचा होता. "चाचणीतलाच चढउतार होता तो. आता सही कर. मला हा उन्हाळा वाया घालवायचा नाही."

ताई म्हणाली, की सही करते म्हटले होते हे खरे, पण घसरण अशी मध्येच थांबत नसते. थांबली असेल तर का थांबली ते कळायला हवे. मॅडमनी तिला पुष्कळ समजावले. तिनेही मॅडमना पुष्कळ समजावले. दोन्हीकडे पालथ्या घड्यावर पाणी. मी फळीवरून ऐकत होते, आणि मला दोघींच्या मध्ये जाऊन फुटावेसे वाटत होते. दोघीही त्याच बाळांसाठी भांडत होत्या. एकीला दिसत होते ती लस न मिळालेली बाळे, दुसरीला दिसत होती ती मिळूनही न वाचलेली. आणि उत्तर माझ्या पोटात अर्धेच तयार झालेले होते.

ताईच्या आईलाही हे फोनवर कळले. त्या मला ठाऊक नाहीत. ताईने काकांना सांगितले तेवढे मी ऐकले. आई म्हणाली म्हणे, की घरातसुद्धा तू दुधाचं पातेलं तीनतीनदा हुंगायचीस, कर सही आणि हो मोकळी. ताई हसून सांगत होती, पण तिचे हसू डोळ्यांपर्यंत गेले नाही. मग तिने सहज विचारावे तसे विचारले, "काका, मधल्या काळात ट्रेला कोणी हात लावला होता का हो?"

"कोण लावणार ताई? जॅकेटची चेन लागत नाही. इथे दोन मिनिटं तरी कोण थांबतंय?"

प्रश्नाला प्रश्नाने दिलेल्या उत्तराला खोटे म्हणता येत नाही. काका बराच वेळ एकच फळी पुसत राहिले.

अखेर साहेबांच्या दालनात बैठक ठरली. साहेब, मॅडम, ताई. आणि नमुन्यांची पेटी काकांच्या ताब्यातली म्हणून काका दाराशी. ताईचा बेत साधा होता. एक उभी कुपी आणि एक पालथी शेजारी शेजारी ठेवायच्या, तपासलेल्या एका पालथ्या कुपीत तिला दिसली होती तशी बुचाजवळची बारीक गुठळी भिंगातून दाखवायची, आणि एवढेच म्हणायचे, की आकडे काहीही सांगोत, डोळ्यांनी एकदा पाहा. पालथी म्हणून तिने मला उचलले. आयुष्यात प्रथमच मी उजेडात, माणसांच्या टेबलावर आले. भोके पाडलेल्या एका लहान ठोकळ्यात तिने मला बूच खाली करून खोचले. माझ्या शेजारी माझी उभी बहीण होती. मी पोटातली गुठळी जपून धरली होती. तेवढेच माझ्याकडे होते.

ताईने भिंग काढायला पर्स उघडली. तेवढ्यात साहेब बोलू लागले. ते प्रेमानेच बोलत होते. सावधपणा हा गुण आहे, पण त्यालाही पूर्णविराम लागतो. परिपूर्ण उत्तराची वाट पाहत बसलो असतो तर जगात एकही लस झाली नसती. मॅडमचा अनुभव, मुलांचे जीव, येणारा उन्हाळा. हे सर्व खरे होते. आणि हे खरे बोलता बोलता साहेबांचा उजवा हात टेबलावरून पुढे आला, त्याने मला ठोकळ्यातून उचलले, सरळ केले, आणि बहिणीशेजारी बेताने उभे केले.

माझी गुठळी हलली. कण खाली निघाले. दालनात साहेबांचा आवाज आणखी एक वाक्य चालला आणि मग थांबला, कारण कोणीच त्यांच्याकडे पाहत नव्हते. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"सर," ताई फार हळू म्हणाली, "तुम्ही आत्ता काय केलंत?"

"काय केलं?"

"ती व्हायल."

साहेबांनी आपल्या हाताकडे पाहिले, मग माझ्याकडे. "पालथी होती," ते म्हणाले. जणू एवढे स्पष्टीकरण पुरेसे होते.

"पाहुण्यांना घेऊन कोल्डरूममध्ये गेला होतात, तेव्हाही पालथ्या होत्या ना?"

"हो. अख्खा ट्रेच होता. मला वाटलं, कोणीतरी निष्काळजीपणानं..." मोठा माणूस वाक्य अर्धे सोडतो, तेव्हा उरलेले अर्धे सगळ्यांना ऐकू येते.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. आणि दाराकडून, जिथून कोणी काही बोलेल असे कोणालाच वाटले नव्हते, काकांचा आवाज आला.

"म्हणजे ती माझी चूक नव्हती?"

ताई वळली. "काका, तुम्हाला सरळ दिसल्या होत्या त्या?"

"दिसल्या. मला वाटलं, मीच ठेवल्या तशा. म्हणून परत पालथ्या केल्या. बोललो नाही, ताई. बोलायला हवं होतं."

तुम्हाला वाटेल, येथे ताई जिंकली. मलाही क्षणभर वाटले. पण मॅडम डोळे उघडून म्हणाल्या ते खरे होते: "तुझं बरोबर होतं हे यातनं सिद्ध होत नाही. माझं चूक होतं हेही नाही. आपल्याकडे आता काहीच नाहीये." ताईने मान हलवली. तिलाही तेच म्हणायचे होते. किती काळ पालथ्या, किती काळ सरळ, हेच ठाऊक नाही, तर आकड्यांना अर्थ काय? माझ्या पोटातली गुठळी भिंगाखाली दिसलीसुद्धा; पण जिच्या आयुष्याचा हिशेब लागत नाही, तिची साक्ष धरत नाहीत. ट्रेमधल्या आम्ही सगळ्या एका दुपारी निरुपयोगी ठरलो.

साहेब पडेल आवाजात म्हणाले, की या प्रकाराची रीतसर चौकशी व्हावी.

"कोणाची करायची, सर?" मॅडम म्हणाल्या. "हाताची?"

मग मॅडम उठल्या, खिडकीशी गेल्या, आणि पाठमोऱ्याच बोलल्या, "भरण्यापासून पुन्हा सुरू करा. दोन प्रकारची बुचं घ्या, तेल लावलेलं आणि बिनतेलाचं. दोन्ही पालथी ठेवा." आणि थोड्या वेळाने, "हा उन्हाळा गेला." तो कुठे गेला आणि कोणाबरोबर गेला, हे त्या दालनात त्यांनाच अधिक कळत होते. ताईने आपले भिंग पर्समध्ये ठेवले. तिने सही केली नव्हती, आणि आता तिला ती कोणी मागतही नव्हते. पण मला त्या पाठीकडे बघणाऱ्या ताईचे तोंड दिसत होते. आपले म्हणणे मान्य झाले म्हणून ज्याला सुख वाटते, असे ते तोंड नव्हते.

तेव्हापासूनचे थोडेच उरले आहे. नव्या कुप्या भरल्या गेल्या. त्या दोन ट्रेंमध्ये पालथ्या ठेवल्या आहेत, आणि त्यांच्यातली एक जरी बिघडली तरी कोणाची तरी मुदत, कोणाचे तरी बूच, कोणाचे तरी बाळ तिच्या बिघडण्यावर ठरणार आहे. मला त्यांचा हेवा वाटतो. कडेला आता सांकेतिक अक्षर नाही, झाकणावर कागद चिकटवून ताईने ठळक अक्षरांत लिहिले आहे, "पालथ्या आहेत. पालथ्याच राहू द्या." कागद घाईत चिकटवल्यामुळे किंचित तिरका बसला आहे. काकांनी जॅकेटची चेन बदलून घेतली, आणि आता ते झाकण उघडले की जे दिसेल ते मोठ्याने बोलून दाखवतात, ऐकायला कोणी असो वा नसो.

आम्हा जुन्यांना आज टाकून द्यायचे आहे. वाफेच्या यंत्रात आम्ही जाऊ, मग कचऱ्यात. लाल पिशवीत बाकीच्या जशा पडतील तशा पडल्या. मला मात्र ताईने हातात धरले, बूच खाली केले आणि पिशवीच्या कोपऱ्यात तसेच टेकवले. त्याचा उपयोग काही नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

जाता जाता तुम्हाला सांगणे एवढेच. तुमच्या दंडात सुईवाटे जे पोचते, त्यामागे न टोचल्या गेलेल्या पुष्कळ जणी उभ्या असतात. काही उभ्या, काही पालथ्या. उशीर झाला म्हणून चिडाल तर चिडा, मीही चिडलेलीच आहे. पण जे तुम्हाला वाकडे दिसते, ते सरळ करण्याआधी एकदा विचारा, की हे असे कोणी ठेवले आणि का. विचारायला जितका वेळ लागतो, त्याहून पुष्कळ अधिक वेळ न विचारल्याने जातो.

आत्ता पिशवी ढकलगाडीवर आहे आणि गाडी शीतकक्षाच्या दाराशी थांबली आहे. दार उघडे आहे. आत साहेब एकटेच उभे आहेत, नव्या ट्रेसमोर. त्यांची नजर त्या तिरक्या कागदावर खिळली आहे. त्यांचा उजवा हात उठला. मी श्वास रोखला, जर कुपीला श्वास असेल तर. हात कागदाच्या कोपऱ्यापर्यंत गेला, तिथे थबकला, बराच वेळ हवेत राहिला, आणि मग सावकाश मागे येऊन खिशात गेला.

मी कोणाच्या दंडात उतरले नाही, कोणाची मुदत ठरवली नाही, माझी साक्षही कोणी धरली नाही. माझ्या हातून काय झाले, असे कोणी विचारलेच, तर सांगा: एक हात खिशात गेला.